घरा-प्लॉटच्या फोटोवरचा वॉटरमार्क : नाव, तारीख आणि जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या विश्रामबाग भागात रिसेल फ्लॅट आणि एन. ए. (बिगरशेती) प्लॉटची कामे करणारे एक एजंट लिहितात की, त्यांनी स्वतः काढलेले एका फ्लॅटचे फोटो दुसऱ्या एजंटाने उचलले, कोपऱ्यातले नाव कापून टाकले, त्यावर आपला मोबाइल क्रमांक चढवला आणि तोच फ्लॅट तीन लाख रुपये वाढवून मालमत्तांच्या जाहिरातींच्या एका पोर्टलवर लावला. आता घरमालक यांनाच जाब विचारतो आहे की, मला न विचारता भाव कसा चढवला. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर छापलेले आपले नाव किंवा चिन्ह, कुठे आणि केवढा टाकावा, तो कोणी पुसला तर कायद्यात काय तरतूद आहे आणि पोर्टल वॉटरमार्क असलेले फोटो नाकारतात त्याला काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी सांगली, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यात १९ वर्षे मालमत्तांचे फोटो काढतो आहे; त्यातली पहिली काही वर्षे मी स्वतःच एजंटाचे कामही केले. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर बेतलेले आहे. वॉटरमार्कमुळे फोटोची चोरी थांबते, ही समजूत सोडून द्यावी. आजच्या साध्या फोनमध्येही बोट फिरवले की कोपऱ्यातले नाव नाहीसे होते आणि मागची भिंत आपोआप भरून येते. तरीही मी प्रत्येक फोटोवर वॉटरमार्क टाकतो, कारण फोटो दहा हातांतून फिरून ज्याच्यापर्यंत पोहोचतो त्या गिऱ्हाइकाला हा फोटो कोणी, केव्हा काढला आणि खरे-खोटे कोणाला विचारायचे, हे कळले पाहिजे. वॉटरमार्क ही आपली सही असते, आणि सही केली की त्या कागदाची जबाबदारीही अंगावर येते.

ही जबाबदारी मला चांगलीच महागात पडून कळली. गावभागातल्या एका तळमजल्यावरच्या घराचे फोटो मी २०१८ च्या हिवाळ्यात काढले होते. सागवानी दिवाणखाना, नुकताच दिलेला रंग, सगळे नीटनेटके. तेव्हा माझ्या वॉटरमार्कमध्ये फक्त नाव आणि फोन क्रमांक असे. घर त्या वेळी विकले गेले नाही. मग २०१९ चा ऑगस्ट आला, कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले (तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीकरांना सांगायला नको), आणि त्या घरात छातीएवढे पाणी कित्येक दिवस उभे राहिले. पुढच्या वर्षी कोणीतरी माझे तेच जुने फोटो पुन्हा फिरवले. पुण्याहून एक कुटुंब घर बघायला आले. त्यांना फुगलेली दारे, पोपडे सुटलेला गिलावा आणि भिंतीवर एका ओळीत उमटलेली मळकट रेघ दिसली. फोटो फिरवणाऱ्याचा क्रमांक त्यांच्याकडे होताच, पण त्यांनी फोन मला केला, कारण फोटोवर नाव माझे होते. 'तुम्ही आम्हाला फसवलेत,' असे ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. वॉटरमार्कने आपले काम चोख बजावले होते; चूक एवढीच होती की, त्याने फोटोचे वय सांगितले नव्हते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोवर नावाखाली महिना आणि वर्ष असते. सांगलीत हे इतर गावांपेक्षा जास्त गरजेचे आहे. इथे गिऱ्हाईक क्षेत्रफळ विचारण्याआधी 'पाणी कुठपर्यंत आले होते' हे विचारते; २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षे लोकांच्या तोंडी आहेत. सांगलीवाडीतल्या किंवा गावभागातल्या घराचा फोटो पुराआधीचा की नंतरचा, यावर किमतीचे गणित ठरते. साताऱ्याच्या डोंगरउतारावरच्या प्लॉटलाही हे लागू पडते, कारण उन्हाळ्यात काढलेल्या फोटोत कोरडी दिसणारी घळ पावसाळ्यात ओढा होते. तारीख टाकली की जुना फोटो फिरवणाऱ्याची पंचाईत होते, आणि प्रामाणिक एजंटालाही आपल्या फोटोंचे वय लक्षात ठेवावे लागते. सहा महिन्यांहून जुने फोटो मी नव्याने काढल्याशिवाय देत नाही.

आता जागा आणि आकार. आपला वॉटरमार्क कापला गेला, कारण तो उजव्या खालच्या कोपऱ्यात होता. बहुतेकांचा तिथेच असतो आणि म्हणूनच तो चार सेकंदांत कापता येतो. दुसऱ्या टोकाला काही जण फोटोभर तिरकी जाळी टाकतात. त्यातून टाइल्सचा रंगही धड दिसत नाही आणि काहीतरी लपवले आहे असा संशय गिऱ्हाइकाला येतो. मी मधली वाट धरतो : जो भाग कापला तर फोटोचा उपयोगच संपेल, त्या भागावर नाव टाकायचे.

स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. फोटोत वर लॉफ्ट, मधे टाइल्स, खाली ओटा आणि त्याखाली ट्रॉल्या आहेत. वॉटरमार्क ट्रॉल्यांखालच्या फरशीवर टाकला तर खालची पट्टी कापून फोटो तसाच वापरता येतो. वरच्या कोऱ्या भिंतीवर टाकला तर एकसारख्या रंगामुळे पुसणे सोपे जाते. पण तो ओट्याची कड आणि टाइल्सचे सांधे यांवरून आडवा गेला, तर कापणाऱ्याला ओटाच कापावा लागतो, आणि पुसणाऱ्याच्या हाती सांध्यांच्या रेघा वाकड्या झालेला, ग्रॅनाइटचे ठिपके चोळामोळा झालेला फोटो येतो. अशी चोळामोळा झालेली जागा दाखवली की, फोटो आधी कोणाचा होता हे सांगायला वेगळा पुरावा फारसा लागत नाही. प्लॉटच्या बाबतीत आकाशावर नाव टाकणे म्हणजे ते न टाकल्यासारखेच. ते रस्ता आणि हद्दीचा दगड यांच्या मधल्या जमिनीवर, गवताच्या भागावर यावे. इमारतीच्या बाहेरच्या फोटोत गॅलरीच्या ग्रिलवरून जावे. मात्र स्लॅबचा कोपरा, बाथरूमची भिंत, खिडकीखालचा भाग अशा ओल दिसू शकणाऱ्या जागांवर वॉटरमार्क मुळीच टाकू नये. तिथे टाकलेल्या नावाचा अर्थ एकच काढला जातो.

आकार म्हणाल तर नावाची रुंदी फोटोच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागाइतकी आणि गडदपणा ३० ते ४० टक्के, एवढे पुरते. पांढरी अक्षरे आणि त्यांना बारीक काळी सावली असली की ती उजेडाच्या आणि अंधाराच्या दोन्ही भागांवर वाचता येतात.

इथे एक तांत्रिक बाब आहे आणि तिच्यावर बरेच जण अडखळतात. फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते आणि वर आणखी दाब (कॉम्प्रेशन) बसतो. मोठ्या फोटोवर नाजूक अक्षरांत टाकलेले नाव या प्रवासात विरघळते. त्यातही देवनागरीच्या मात्रा, अनुस्वार आणि रफार सर्वांत आधी जातात. म्हणून आधी फोटो १६०० पिक्सेलवर आणावा आणि मग त्यावर वॉटरमार्क टाकावा. अक्षरे जाड निवडावीत. तयार झालेला फोटो स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून, फोनच्या पडद्यावर न ताणता वाचता येतो का, हे एकदा बघावे.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करतो, कारण आपल्याकडची निम्मी नावे या एका गोष्टीमुळे चुकीची छापली जातात. 'विश्रामबाग' हाच शब्द घ्या. त्यात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते पण टंकलेखनात नंतर येते, आणि पुढे 'श्रा' हे जोडाक्षर आहे. जुन्या किंवा चुकीच्या जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'श्रा'चा पाय मोडून 'श' आणि 'रा' वेगळे पडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये टाइपच्या पसंतींत जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मांडणी निवडावी लागते, नाहीतर असेच होते. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये नाव करून आणले असेल तर ते त्याच्याकडे बरोबर दिसते, पण आपल्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यामुळे त्याचे इंग्रजी चिन्हांचे कडबोळे होते. यावरचा उपाय सोपा आहे. आपले नाव एकदाच नीट तयार करून, वाचून, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी फाइलमध्ये जतन करावे आणि पुढे मजकूर न टंकता ती प्रतिमाच फोटोंवर चढवावी. लाइटरूममध्ये निर्यात करताना अशी प्रतिमा सगळ्या फोटोंवर एका फटक्यात बसते. इर्फानव्ह्यूसारख्या हलक्या सॉफ्टवेअरमध्येही गठ्ठ्याने काम करायची सोय आहे. एकाच ठरलेल्या जागी बसवायचे असेल तर हे ठीक. मी मात्र मुख्य चार-पाच फोटोंवर जागा हाताने ठरवतो आणि उरलेल्यांना यंत्राच्या हवाली करतो. महिना बदलला की तारखेची फाइल बदलायची, एवढे कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

काही जण विचारतात की, न पुसता येणारा वॉटरमार्क असतो का. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी एका परिषदेत दाखवून दिले की, एकच चिन्ह पुष्कळ फोटोंवर सारखेच छापलेले असले की संगणक त्या फोटोंची तुलना करून ते चिन्ह वेगळे काढतो आणि मूळ चित्र जवळपास जसेच्या तसे परत मिळवतो. नुसती जागा किंवा गडदपणा बदलून त्याला चकवता येत नाही. प्रत्येक फोटोत चिन्हाला किंचित वेगळा बाक दिला तर मात्र पुसल्यावर खुणा राहतात. हे ऐकायला चांगले आहे, पण ते छायाचित्रांचे मोठे साठे विकणाऱ्या कंपन्यांसाठी. दुसऱ्या एजंटाला आपले फोटो चोरायला संशोधन लागत नाही, कापायचे बोट पुरते. अदृश्य वॉटरमार्कचेही तेच. गिऱ्हाइकाला तो दिसत नसेल तर आपल्या धंद्यात त्याचा उपयोग नाही.

पोर्टलांचा प्रश्न वेगळा आहे. अनेक पोर्टल फोटोवरचे फोन क्रमांक आणि जाहिरातीचा मजकूर चालवून घेत नाहीत, कारण गिऱ्हाइकाचा संपर्क त्यांच्यामार्फतच व्हावा अशी त्यांची व्यवस्था असते. काही पोर्टल स्वतःचे चिन्हही चढवतात. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मी प्रत्येक मालमत्तेचे तीन संच ठेवतो. पहिला संच कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइलींचा, ज्याला कधीही हात लावायचा नाही आणि जो कोणालाही पाठवायचा नाही. दुसरा पोर्टलसाठी, ज्यावर क्रमांक नाही. नियम चालू देत असेल तर फक्त लहान अक्षरांत नाव आणि महिना. तिसरा व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकसाठी, पूर्ण वॉटरमार्कचा. चोरी बहुधा तिसऱ्या संचाचीच होते, कारण तोच गटागटांतून फिरतो. प्रश्न विचारणाऱ्यांकडे मूळ संच शाबूत आहे का, हे मला माहीत नाही, पण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. फोन बदलताना तो पुसला गेला असेल तर आधी जुन्या फोनचा बॅकअप शोधावा.

मूळ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याचे नाव, वेळ आणि लोकेशन चालू असल्यास जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. पुराव्याला हे उत्तम. पण तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर ही नोंद तशीच समोरच्याकडे जाते. साधा फोटो म्हणून पाठवल्यास ती गळून पडते. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि नकाशा छापणारी कॅमेरा अ‍ॅप्स आपल्याकडे सरकारी कामांमुळे घरोघरी पोहोचली आहेत आणि काही एजंट हौसेने प्लॉटचे फोटो त्यांतून काढतात. मग दुसऱ्या एजंटाला फोटोची चोरीही करावी लागत नाही; तो गाडी काढून थेट प्लॉटवर जातो, शेजारच्या टपरीवर मालकाचे नाव विचारतो आणि पार्टी तुटते.

आता कायदा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो ही कलाकृती धरली जाते, मग त्यात कलात्मक गुण असो वा नसो; त्यामुळे 'हा तर साधा बेडरूमचा फोटो आहे' हा बचाव चालत नाही. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढणारा हा त्याचा कर्ता, आणि सामान्यतः पहिला मालकही तोच. पण याला एक महत्त्वाचा अपवाद आहे : कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देऊन काढवून घेणारा असतो. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचा मालकही, वेगळे ठरलेले नसेल तर, नोकरी देणारा असतो.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्यावा, कारण आपल्या धंद्यातल्या कितीतरी वॉटरमार्कची इथेच पंचाईत होते. आपण स्वतः फोटो काढले असतील तर हक्क आपला. आपण फोटोग्राफरला पैसे दिले असतील तर करार नसल्यास हक्क आपला. बिल्डरने दिले असतील तर बिल्डरचा. आणि घरमालकाने, किंवा त्याच्या मुलीने, आपल्या फोनवर काढून पाठवले असतील, तर ते त्यांचे. अशा फोटोंवर स्वतःचे नाव छापून 'चोरी करू नये' अशी ताकीद देणारे एजंट मी रोज बघतो, आणि चोरीची तक्रार करायला माझ्याकडे येणाऱ्यांतही ते असतातच. मालकाचे फोटो वापरायचे असतील तर मालकाची व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींची परवानगी घ्यावी आणि वॉटरमार्कमध्ये 'छायाचित्र' असे न लिहिता 'संपर्क' असे लिहावे. हा शब्दाचा फरक कोर्टात महत्त्वाचा ठरू शकतो. अमेरिकेत घरांचे फोटो काढणाऱ्या व्हीएचटी या कंपनीने २०१५ साली झिलो या पोर्टलवर दावा लावला होता आणि २०१९ मध्ये त्यावर अपिलात निकाल लागला. तिथेही वादाचा एक भाग फोटो वापरण्याच्या परवान्यातल्या शब्दांभोवती फिरला.

वॉटरमार्क पुसण्याबद्दल बोलायचे तर २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-ब आले आहे. कलाकृतीवरची हक्कविषयक माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढणे किंवा बदलणे, आणि अशी माहिती काढली आहे हे माहीत असूनही ती कलाकृती लोकांपर्यंत पोहोचवणे, यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद त्यात आहे. हक्कविषयक माहिती म्हणजे काय, हेही कायद्याने सांगितले आहे : कलाकृतीची ओळख, कर्त्याचे नाव, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता, वापराच्या अटी, किंवा हे दर्शवणारा क्रमांक अथवा संकेत. म्हणून नुसते घराचे चिन्ह आणि मोबाइल क्रमांक असलेला वॉटरमार्क इथे लंगडा पडतो. 'छायाचित्र व हक्क : अमुक, सांगली, परवानगीविना वापरू नये' असा मजकूर असेल तर तो या व्याख्येत सरळ बसतो. एक सूचना : पूर्वी पुरावा कायद्यातही इलेक्ट्रॉनिक नोंदींचे कलम ६५-बच होते, त्यामुळे लोक दोन्हींची गल्लत करतात. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला असून तिथे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र आता कलम ६३ खाली द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीवरून संगणकाने काढलेला तिचा ओळख-संकेत, नोंदवायचे असते. वकिलाकडे जाताना मूळ फाइल जशी आहे तशीच न्यावी. ती उघडून पुन्हा जतन केली तर तिचे हॅश बदलते.

पोर्टलला लेखी तक्रार करण्याची पद्धत २०१३ च्या कॉपीराइट नियमांत, नियम ७५ मध्ये आहे. तक्रार मिळाल्यावर, ती योग्य वाटल्यास, पोर्टलने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो आणि तो २१ दिवस, किंवा त्याआधी न्यायालयाचा आदेश आल्यास तोपर्यंत, रोखलेला राहतो. मात्र या तक्रारीत, आपण दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणू, अशी हमी द्यावी लागते. दावा जिल्हा न्यायालयात, आणि तक्रारदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेही दाखल करता येतो, म्हणजे आपल्यासाठी सांगलीतच. तरीही एका रिसेल फ्लॅटच्या दलालीसाठी एवढी वाट धरू नये, असे मी म्हणेन. पोर्टलवर 'ही जाहिरात चुकीची आहे' असे कळवण्याचा जो साधा फॉर्म असतो, त्यात मूळ फोटो आणि घरमालकाचे पत्र जोडले तर काम बहुधा तिथेच होते. मालकाचे 'या भावाने विकण्यास मी कोणालाही सांगितलेले नाही' हे दोन ओळींचे पत्र पोर्टलला फोटोच्या हक्कापेक्षा लवकर समजते.

महारेराबद्दलही (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) विचारले जाते, म्हणून थोडे. नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटाने स्वतःची नोंदणी करून तो क्रमांक व्यवहारात नमूद करणे स्थावर संपदा कायद्याने आवश्यक केले आहे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोडही लागतो. हा कोड वॉटरमार्कमध्ये कोंबण्याचा मोह टाळावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या दाबाखाली त्याचे चौकोन एकमेकांत मिसळतात आणि तो स्कॅन होत नाही. त्याला जाहिरातीत स्वतंत्र, पांढरी जागा द्यावी. जुने घर किंवा रिसेल फ्लॅट हा प्रकल्प नसल्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

नावाखालच्या जबाबदारीत फोटोतला फेरफारही येतो. उजेड वाढवणे, वाकडी खिडकी सरळ करणे चालते. समोरचा ट्रान्सफॉर्मर पुसणे, भिंतीवरची ओल गायब करणे आणि मग त्यावर स्वतःचे नाव छापणे म्हणजे खोट्या दाखल्यावर सही करणे. रिकाम्या खोलीत संगणकाने सोफा-पलंग बसवले असतील तर ते फोटोवरच, वॉटरमार्कच्या शेजारी, 'फर्निचर काल्पनिक' असे लिहावे. खालच्या मजकुरात लिहिले तर फोटो पुढे जाताना मजकूर मागे राहतो. त्याचप्रमाणे देवघरातले फोटो, कपाटावरची कुटुंबाची छायाचित्रे, दारावरची पाटी आणि उभ्या गाड्यांचे क्रमांक वॉटरमार्क टाकण्याआधी धूसर करावेत. घर मालकाचे असते आणि ते विकेपर्यंत त्यात माणसे राहत असतात.

आपल्या चालू प्रकरणात आता हे करावे. त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्यावेत, ज्यांत पत्त्याची पट्टी, भाव, तारीख आणि फोटोवर चढवलेला क्रमांक दिसेल. ते आधी घ्यावेत, कारण आपण फोन करताच समोरचा जाहिरात काढतो आणि हाती काही उरत नाही. मग मूळ फाइली घेऊन घरमालकाकडे प्रत्यक्ष जावे. फोनवर समजावत बसू नये. आपला फोटो आणि पोर्टलवरचा फोटो शेजारी ठेवून, नाव कुठे कापले आहे ते त्यांना दाखवावे. कापलेल्या फोटोची एक बाजू आखूड असते आणि आपल्या मूळ फोटोत त्या बाजूला पूर्ण खिडकी किंवा दाराची चौकट दिसते, हे माणसाला लगेच पटते. त्यांच्याकडून ते दोन ओळींचे पत्र घ्यावे आणि त्याच बैठकीत, भाव किती आणि तो बदलायचा अधिकार कोणाचा, हेही एका कागदावर घ्यावे. हा कागद तुमच्याकडे आधी असता तर मालकाने तुम्हाला जाब विचारलाच नसता, असे मला वाटते. त्यानंतर पोर्टलचा फॉर्म. समोरच्या एजंटाशी बोलायचे असल्यास सगळ्यात शेवटी, आणि तेही लेखी. त्याने त्या फ्लॅटच्या नावावर कोणाकडून टोकन घेतले आहे असे कळले, तर मात्र हा फोटोचा वाद उरत नाही. पैसे गेलेल्या माणसाला तातडीने १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगावे.

आणि त्या फ्लॅटचे फोटो पुन्हा काढावेत. जुने आता दोन भावांनी फिरत आहेत, ते परत बाटलीत भरता येणार नाहीत. सकाळी नऊच्या सुमारास, खिडक्या उघड्या ठेवून, चालू महिन्याच्या तारखेसह काढलेला नवा संच पोर्टलवर चढला की, जुना संच जुना आहे हे गिऱ्हाइकाला स्वतःच दिसते.